फॉर्मवर मराठीच लिहा: अमेरिकेत पब्लिक स्कूलमध्ये मूल घालताना

दर वर्षी जुलै उजाडला की मला एकाच प्रकारचे फोन यायला लागतात. कोणाच्या तरी नवऱ्याची कंपनीने इकडे बदली केलेली असते, बॅगा अजून उघडलेल्या नसतात आणि पहिला प्रश्न, "ताई, शाळेच्या फॉर्मवर घरातली भाषा विचारलीय, इंग्लिशच टाकू ना? ग्रुपवर सगळे म्हणतायत मराठी लिहिलं तर ढ मुलांच्या वर्गात बसवतात." मी म्हणते नको गं बाई, मराठीच लिही, आणि मग का लिही ते सांगण्यात अर्धा तास जातो. म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढतेय, निदान पुढच्या जुलैत घसा तरी वाचेल.

ही चूक मी स्वतः केलीय, तेव्हा शहाणपणा उसना नाही. आम्ही आधी टेक्सासला होतो, मग न्यू जर्सीला आलो. मुलगा आला तेव्हा दुसरीत, पुण्यात इंग्लिश मीडियमला होता, म्हणून मी ऐटीत सगळीकडे इंग्लिश लिहून टाकलं. पहिले चार महिने पोरगं वर्गात एक शब्द बोललं नाही. इंग्लिश त्याला येत होतं हो, पण त्या वेगाचं आणि त्या शब्दांचं नव्हतं. बाई वाक्याच्या शेवटी पिरियड (म्हणजे पूर्णविराम) द्या म्हणायच्या आणि याला वाटायचं तास संपला, हा दप्तर भरायला घ्यायचा. रबर मागितलं (इथे त्या शब्दाचा अर्थ भलताच) तर वर्ग हसला, का हसला ते त्याला कळलं नाही आणि मलाही त्याला सांगता येईना. शाळेने कान तपासून घ्या सांगितलं. भाषेची चाचणी कोणी घेतलीच नाही कारण आमच्याच फॉर्मप्रमाणे तो इंग्लिश बोलणाऱ्या घरातला मुलगा होता! चूक शाळेची नाही, शाळा कागदावर चालते.

आता तो फॉर्म. त्याला होम लँग्वेज सर्व्हे म्हणतात, बहुतेक ठिकाणी तीन-चार प्रश्न असतात, मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोललं, घरात काय बोलता, मूल तुमच्याशी कशात बोलतं. इंग्लिशशिवाय दुसरी भाषा लिहिली की शाळेला मुलाची इंग्लिशची चाचणी घ्यावी लागते, बस्स, एवढाच त्याचा परिणाम. चाचणी राज्याप्रमाणे बदलते, तिसाहून जास्त राज्यांत विडा (WIDA) या राज्यांच्या सामायिक संस्थेची चालते, कॅलिफोर्निया, टेक्सास आणि न्यूयॉर्कच्या आपापल्या वेगळ्या आहेत. मूल पास झालं तर विषय तिथेच संपला, नेहमीचा वर्ग. नाही झालं तर इंग्लिश लर्नर म्हणून नोंद होते आणि मदत मिळते, म्हणजे रोज थोडा वेळ वेगळ्या बाईंकडे जाणं किंवा त्या बाईच वर्गात येऊन बसणं. ढ मुलांचा वर्ग वगैरे काही नसतो. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांच्या आत शाळेने तुम्हाला पत्राने कळवायला हवं, मधेच दाखल झालात तर दोन आठवड्यांत. आणि नकोच असेल मदत तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, फक्त दर वर्षीची चाचणी मात्र पास होईपर्यंत द्यावी लागते.

ही मदत म्हणजे उपकार नाहीत. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, लाउ विरुद्ध निकोल्स. इंग्लिश न येणाऱ्या मुलांना इतरांसारखीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं होत नाही, असं कोर्टाने एकमताने सांगितलं. तुमच्या मुलाला आज रोज अर्धा तास वेगळ्या बाई मिळतात त्याचं मूळ तिथे आहे.

फॉर्मवर आणखी दोन रकाने असतात ज्यांना आपले लोक बिचकतात, मुलाचा जन्म कुठल्या देशात आणि अमेरिकेतल्या शाळेत पहिला दिवस कुठला. हे व्हिसासाठी नाही विचारत. केंद्राचा टायटल थ्री नावाचा निधी आहे, त्याच्या व्याख्येत ३ ते २१ वयाचं, अमेरिकेबाहेर जन्मलेलं आणि इथल्या शाळेत पूर्ण ३ वर्षं न झालेलं मूल म्हणजे इमिग्रंट विद्यार्थी. यात इंग्लिश येतं की नाही याचा संबंधच नाही. म्हणजे पुण्याहून आलेला फाडफाड इंग्लिश बोलणारा मुलगासुद्धा मोजला जातो, आणि डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) अशी मुलं एकदम वाढली तर वेगळे पैसे मिळू शकतात. रकाना कोरा सोडलात तर मूल वर्गात बसलेलं आहे, बाकांना गर्दी झालेली आहे, पण हिशोबात कुठेच नाही. इमिग्रेशनमुळे शाळांवर ताण येतो असं जे म्हणतात ना, त्यातला बराचसा ताण हा मूल आणि पैसा वेगवेगळ्या दिवशी पोचल्यामुळे असतो. मूल जानेवारीत येतं, पैसा ऑक्टोबरच्या मोजणीवर ठरलेला असतो.

मोजणीचं नीट समजून घ्या कारण त्यावर पुढचं सगळं आहे. इथल्या शाळांचा पैसा तीन ठिकाणाहून येतो, स्थानिक कर (त्यातला मोठा भाग घरांवरचा प्रॉपर्टी टॅक्स), राज्य सरकार, आणि केंद्राचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. राज्याचा पैसा पटसंख्येवर. न्यू जर्सीत १५ ऑक्टोबरला मुलं मोजतात, कॅलिफोर्निया आणि मिशिगनमध्ये ऑक्टोबरचा पहिला बुधवार. काही राज्यांत इंग्लिश लर्नर मुलाचं वजन जास्त धरतात, कॅलिफोर्नियात २०१३ पासूनच्या सूत्रात अशा मुलामागे मूळ रकमेच्या २० टक्के वर मिळतात. तेव्हा घर ठरतंय, लीज होतेय, फर्निचर येतंय म्हणत प्रवेश लांबवू नका, सप्टेंबरमध्ये आला असाल तर मोजणीच्या आत मूल शाळेत बसवा.

आणि आता जे बोलल्यावर माझ्याशी लोक अबोला धरतात ते बोलते. डिसेंबरची इंडिया ट्रिप. शाळेला सुट्टी दहा दिवस, आपण जातो पाच आठवडे, कारण तिकिटाला एवढे पैसे घातले, लग्न आहे, मुंज आहे, आजीला बघायचंय, सगळं खरं. पण कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये पैसा नुसत्या पटावर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतो. मूल आलं नाही तर त्या दिवसाचा पैसा नाही, आणि शिक्षकाचा पगार काही कमी होत नाही. ज्या भागात आपले लोक भरपूर तिथे जानेवारीत अर्धे वर्ग रिकामे असतात, मी टेक्सासला डोळ्यांनी पाहिलंय. हासुद्धा इमिग्रेशनचा शाळेवर परिणामच की, फक्त याच्यावर आपण कधी बोलत नाही.

तर जायचंच असेल तर नीट जा. महिनाभर आधी ऑफिसला ईमेल टाका, तारखा कळवा. कॅलिफोर्नियात इंडिपेंडंट स्टडी नावाचा करार असतो, तो जायच्या आधी सही करून अभ्यास सोबत न्यायचा आणि परत आल्यावर पूर्ण करून द्यायचा, मग हजेरी धरतात. परत आल्यावर सही करू म्हणून थांबू नका, ते वरातीमागून घोडं. टेक्सासमध्ये वर्ग जितके दिवस भरला त्याच्या ९० टक्के हजेरी नसेल तर क्रेडिट (विषय पूर्ण केल्याची नोंद) अडकू शकतं. आणि १८० दिवसांच्या वर्षात १८ दिवस बुडाले की मूल क्रॉनिक ॲबसेंटच्या, म्हणजे सतत गैरहजर राहणाऱ्यांच्या यादीत जातं, कारण काहीही असो, रजा मंजूर असो नसो. काही डिस्ट्रिक्ट लांबच्या गैरहजेरीत नावच काढून टाकतात आणि मग परत प्रवेश घ्या, शाळा भरली असेल तर दुसऱ्या शाळेत. एका ओळखीच्या घरी असंच झालं, धाकटा एका शाळेत आणि मोठी तीन मैलांवरच्या दुसऱ्या, वर्षभर दोन गाड्या पळत होत्या.

कागदपत्रांकडे येते. महानगरपालिकेचा जन्मदाखला मराठीत असेल तर निघायच्या आधीच इंग्लिश प्रत काढून घ्या, इथे आल्यावर भाषांतरकार शोधत बसायला लागतं. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्टचं पहिलं पान चालतं, व्हिसाचं पान द्यायची गरज नाही. सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी प्रवेश अडत नाही. पत्त्याचा पुरावा मात्र कडक बघतात, लीज आणि विजेचं बिल. सुरुवातीला मित्राकडे राहत असाल तर मित्राच्या सहीचं प्रतिज्ञापत्र बहुतेक डिस्ट्रिक्ट घेतात, विचारा. मुलाच्या नावात मधलं नाव म्हणजे बापाचं नाव हे इथे कोणाला माहीत नसतं, फॉर्मवर हाक मारायचं नाव वेगळं लिहायला जागा असते तिथे लिहा, नाहीतर पोराला वर्षभर बापाच्या नावाने हाका.

लसी हा खरा घोळ. भारतातल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेला मिळते, गालगुंडाची नाही, आणि इथे एमएमआर (तिन्हींची एकत्र लस) मागतात. शिवाय पहिल्या वाढदिवसाच्या आधी दिलेला डोस इथे मोजतच नाहीत, आपल्याकडे पहिला डोस ९ महिन्यांना असतो, म्हणजे तुमच्या मते दोन झाले आणि नर्सच्या मते एक. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, खासगी डॉक्टरकडे घेतली असेल तर कार्डवर आहे का बघा. आणि तारखा! कार्डवर ०४/०९ असेल तर आपण ४ सप्टेंबर वाचतो, इथली नर्स ९ एप्रिल. मी आता सगळ्यांना सांगते, निघायच्या आधी डॉक्टरकडून महिन्याचं नाव अक्षरात लिहिलेलं लेटरहेडवरचं पत्र घ्या. टीबीची चाचणी मागितली तर रक्ताची मागा, कारण बीसीजी (टीबीची लस) घेतलेल्या मुलाची कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, मग आठवडाभर घरी.

इयत्ता वयावर ठरते. केजीसाठी टेक्सास आणि कॅलिफोर्नियात १ सप्टेंबरला ५ पूर्ण लागतात, न्यूयॉर्क शहरात मात्र त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत झाली तरी चालतात. आमचा तर पुढे होता, इथे मागे टाकलं म्हणून भांडू नका, लहान मुलांत सहा महिन्यांनी काही फरक राहत नाही.

मोठ्या मुलांचं मात्र गंभीर आहे. हायस्कूल इथे नववीपासून, त्यामुळे भारतातल्या नववीचे मार्क इथे मोजले जातात, आणि आपल्याकडे नववी म्हणजे दहावीच्या आधीची विश्रांती! नववीची मार्कशीट, विषयांची यादी, जमलं तर अभ्यासक्रम, सगळं शाळेच्या शिक्क्यासह आणा. नुसत्या शाळा सोडल्याच्या दाखल्याने काम होत नाही, त्यात मार्क नसतात. काउन्सेलर प्रत्येक विषय क्रेडिटमध्ये बदलतो, आणि राज्याचे आपापले सक्तीचे विषय असतात, अमेरिकेचा इतिहास वगैरे, ते नव्याने करावे लागतात. अकरावी-बारावीच्या वयात आणायचं असेल तर खूप विचार करा. इंग्लिश कमी असलेल्या १६-१७ वर्षांच्या मुलाला भाषा, क्रेडिट आणि परीक्षा एकदम येतात, वेळच पुरत नाही. बऱ्याच राज्यांत विसाव्या-एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेत राहता येतं, हे शाळा स्वतःहून फार सांगत नाही, तुम्ही विचारायचं.

याच्याच शेजारचा प्रश्न म्हणजे गावाकडून येणारा, "पुतण्याला तुझ्याकडे ठेवतो, शाळा फुकट आहे ना?" नाही भाऊजी, तसं नाही. तुमच्या एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) तुमच्याच मुलांना एच-४ मिळतो आणि ती फुकट शिकतात, पुतण्याला नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर पब्लिक स्कूलमध्ये आठवीपर्यंत परवानगीच नाही, हायस्कूलला जास्तीत जास्त १२ महिने आणि तेही पूर्ण खर्च भरून, १९९६ च्या कायद्यापासून असंच आहे. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या मुलाला दोन महिने शाळेत बसवू हेही करू नका, शाळा कदाचित विचारणार नाही पण व्हिसाच्या अटी मोडतात आणि पुढच्या वेळी ते निस्तरत बसावं लागतं.

शाळा का विचारत नाही? १९७५ मध्ये टेक्सासने कायदा केला की कायदेशीर कागद नसलेल्या मुलांसाठी राज्य पैसे देणार नाही, मग टायलर गावच्या डिस्ट्रिक्टने अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागितले. मेक्सिकन कुटुंबं कोर्टात गेली आणि १९८२ मध्ये प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला, मुलाला व्हिसावरून शाळा नाकारता येणार नाही. ५-४, म्हणजे एका मतावर. कॅलिफोर्नियात १९९४ ला प्रपोझिशन १८७ मतदारांनी पास केलं होतं, त्यात असाच प्रयत्न होता, तो कोर्टाने अडवला. आपल्याला काय त्याचं, आपण तर कायदेशीर, असं वाटतं ना? नोकरी गेली की एच-१बी वाल्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि अशा वेळी नवऱ्याचं स्टेटस अधांतरी आणि मुलीची शाळा चालू अशी घरं मी पाहिलीत. मुलीला शाळेतून कोणी काढत नाही ते त्या टायलरच्या मुलांमुळे. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने शाळांसारख्या ठिकाणी इमिग्रेशनची कारवाई टाळायची जुनी सूचना मागे घेतली, त्यामुळे वातावरण बदललंय हे खरं. वर्षाच्या सुरुवातीला डिरेक्टरी इन्फर्मेशनचा एक फॉर्म येतो, पत्ता-फोन बाहेर देऊ नका असं त्यावर कळवता येतं. तो न वाचता सही करू नका.

शाळा कुठली घ्यावी? सगळे रेटिंग बघून घर घेतात, १० पैकी ९ च्या खाली बघायलाच तयार नसतात. त्या आकड्यातला बराच भाग शाळा काय शिकवते त्याचा नसून तिथे कोणाची मुलं येतात त्याचा असतो हे लक्षात घ्या. आपण सगळे एकाच पिनकोडमध्ये घुसतो, घरांचे भाव चढतात, मग लहान मुलं असलेल्या तरुण जोडप्यांना तिथे परवडत नाही. कॅलिफोर्नियातलं क्युपर्टिनो बघा. २००५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये बातमी होती की तिथल्या लिनब्रूक आणि मोंटा व्हिस्टा हायस्कूलमधून गोरी कुटुंबं निघून चाललीत, शाळा वाईट म्हणून नाही तर फारच अभ्यासू झाल्या म्हणून. आणि २०२२ मध्ये त्याच भागात प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या, मुलंच कमी झाली. आधी गर्दी आणि मग रिकामे वर्ग, दोन्ही एकाच गावात. तेव्हा रेटिंगपेक्षा ऑफिसात जाऊन विचारा, इंग्लिश लर्नरसाठी शिक्षक किती, वर्षाच्या मधे आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात कोण भेटतं. या प्रश्नाला नीट उत्तर देणारी ७ ची शाळा मी ९ वाल्यापेक्षा वर धरते.

मग कधीतरी ऑफिसात किंवा शेजारी कोणीतरी म्हणतंच, इमिग्रंट मुलांमुळे आमच्या मुलांचं नुकसान होतं. गप्प बसू नका पण भावनेवरही जाऊ नका, माहिती ठेवा. २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला आणि हजारो मुलं वर्षाच्या मधेच फ्लोरिडाच्या शाळांत आली, बऱ्याच जणांना इंग्लिश नाही, घरदार गेलेलं. डेव्हिड फिग्लिओ आणि उमुट ओझेक यांनी आधीपासूनच्या मुलांचे मार्क तपासले, नुकसान सापडलं नाही. नंतर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर फ्लोरिडाचाच मोठा अभ्यास केला, एकाच घरातल्या भावंडांची तुलना करून, त्यात इमिग्रंट मुलांसोबत जास्त शिकलेल्या इथल्या मुलांचे मार्क उलट थोडे वर दिसले, विशेषतः गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांचे.

पण दुसरी बाजूही सांगा, नाहीतर आपण वकील वाटतो. खर्च होतो. २०१६ मध्ये नॅशनल अकॅडमीजचा मोठा अहवाल आला, त्यात स्पष्ट होतं की पहिल्या पिढीच्या इमिग्रंटांचा भार राज्य आणि स्थानिक सरकारांवर जास्त पडतो आणि मुख्य कारण त्यांच्या मुलांचं शिक्षण. त्याच अहवालात हीच मुलं मोठी झाली की सगळ्यात जास्त कर भरणाऱ्यांत मोडतात असंही आहे. गंमत अशी की खर्च गावाच्या शाळेचा आणि नंतरचा कर बराचसा केंद्राकडे. गावातला माणूस चिडतो तो अगदीच वेडा नाही. आणि लोक शाळा सोडूनही जातात, ज्युलियन बेट्स आणि रॉबर्ट फेअरली यांच्या अभ्यासात हायस्कूलमध्ये चार इमिग्रंट मुलं आली की साधारण एक इथलं मूल खासगी शाळेत जातं असं दिसलं होतं, प्राथमिकला तसं काही ठळक दिसलं नाही.

सगळ्या आलेल्या मुलांना एकाच टोपलीत टाकू नका एवढंच मी सांगते. कंपनीच्या तिकिटावर आलेलं आपलं मूल आणि सीमा ओलांडून शेल्टरमध्ये राहणारं मूल यांचा शाळेवर होणारा परिणाम वेगळा, दोघांची गरजही वेगळी. २०२२ पासून न्यूयॉर्क शहरात हजारो अशी मुलं आली, काही शाळांत स्पॅनिश येणारे शिक्षक पुरेनात. जानेवारी २०२४ मध्ये वादळामुळे शेल्टरमधल्या कुटुंबांना ब्रुकलिनच्या एका हायस्कूलमध्ये रात्रभर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या मुलांना घरून ऑनलाइन शिकावं लागलं, पालक खवळले होते. पण त्याच शहरात वर्षानुवर्षं घटत चाललेली पटसंख्या २०२३-२४ ला जरा वर सरकली ती बरीचशी याच मुलांमुळे, आणि पटावर पैसा असतो हे वर आलंच आहे.

प्रवेश झाल्यावर सुटलो असं समजू नका. पालक-शिक्षक भेटीला आजी-आजोबाच जाणार असतील तर दुभाषा मागा, फोनवर मराठी दुभाषा मिळतो आणि खर्च डिस्ट्रिक्टचा. मुलालाच दुभाषा करू नका, ते स्वतःबद्दलची तक्रार कशाला खरी सांगेल! कॅलिफोर्नियात शाळेत २१ किंवा जास्त इंग्लिश लर्नर असले की त्यांच्या पालकांची समिती नेमावीच लागते, न्यू जर्सीतही अशा समित्या असतात, आणि खुर्च्या रिकाम्या असतात कारण आपले लोक फक्त गणिताच्या ॲडव्हान्स्ड वर्गाचा विषय असला की येतात. जाऊन बसा. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली ती २०२३ च्या कायद्याने, आणि तो कायदा व्हायला लोक वर्षानुवर्षं मागे लागले होते.

मूल उशिरा बोलत असेल आणि शाळा म्हणाली की घरी मराठी बंद करा, तर ऐकू नका. शांतपणे लेखी मागणी करा की तपासणी मुलाच्या भाषेत व्हावी, अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या कायद्यात ते आहे. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. आणि घरी मराठी चालू ठेवण्यात स्वार्थही आहे, पुढे हायस्कूलमध्ये सील ऑफ बायलिटरसी नावाचा शिक्का मिळतो, कॅलिफोर्नियाने पहिल्यांदा सुरू केला, आता बहुतेक राज्यांत आहे, त्यासाठी मराठीचीसुद्धा चाचणी मिळते. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत रडत जाणारी पोरं तेव्हा उड्या मारत येतात.

शेवटचं एक काम, फॉर्म भरून झाला की ऑफिसातून प्रिंट मागून घ्या आणि भाषेच्या रकान्यावर बोट ठेवून वाचा. कॉम्प्युटरच्या यादीत मराठीच्या जवळच मार्शलीज असतं, पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांची भाषा. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीची भाषा वर्षभर ती होती, घरी पत्रं त्या भाषेत यायची आणि बिचारी प्रत्येक पत्र गूगलवर टाकून बघायची की हे नक्की कुठलं इंग्लिश आहे.